शेवटाआधीची टाळी

१

चाहते ही जमात मला मुळातच आवडत नाही. गाणारा एक, वाजवणारे तीन आणि त्यांच्यावर मालकी सांगणारे हजारो. नवरा-नवरी राहिले बाजूला आणि वऱ्हाडीच रुसून बसले, असला सगळा प्रकार.

मी एका रेकॉर्ड कंपनीत जुन्या टेपा साफ करतो. खरखर काढायची, गुणगुण काढायची, कुणाचा सूर घसरला असेल तर हळूच उचलून जागेवर ठेवायचा. ऑफिसात मला कानसेन म्हणतात. अर्धे कौतुकानं, अर्धे कुत्सितपणे. मला दोन्ही चालतं.

आमच्या तळघरात वर्षानुवर्षं पडून असलेला माल म्हणजे चौकडीच्या टेपा. त्या रॉक बँडचं खरं नाव काही का असेना, जग त्यांना चौकडी म्हणायचं. दरवर्षी मोठ्या मैदानावर रॉक महोत्सव व्हायचा, त्यात शेवटचा कार्यक्रम यांचा, आणि तो दरवर्षी आमची कंपनी रेकॉर्ड करून ठेवायची. बाजारात मात्र एकही कधी आला नाही. गायकाला स्वतःचा आवाज पसंत पडत नव्हता. पुढे चौघांचं फाटलं, ते चार दिशांना गेले आणि टेपा तळघरात राहिल्या.

चाहते मात्र हलले नाहीत. त्यांच्याकडे चोरून केलेली रेकॉर्डिंगं होती. खिशातल्या यंत्रावर घेतलेली, गाण्यापेक्षा शेजारच्याचा खोकला जास्त स्पष्ट. दुधाची तहान ताकावर, तेही आंबट. मग कंपनीला पत्रं सुरू झाली. आम्हाला अधिकृत आवृत्ती हवी. अधिकृत! जशी काही यांची वडिलोपार्जित जमीन कुणीतरी बळकावली होती.

आणि या सगळ्या फौजेची सेनापती कोण, तर माझी सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, मला या ताईनंच वाढवलं. बँकेतून निवृत्त झालेली बाई, गुडघ्याला पट्टा, डोकं पांढरं, आणि अंगात चौकडीचा काळा टी-शर्ट. माझ्या दुपारच्या जेवणाचा डबा अजूनही तीच आणून द्यायची. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझी उपासमार होते अशी तिची ठाम समजूत होती. डब्याबरोबर रोज तीच कटकट.

"काय झालं आमच्या टेपांचं?"

"आहेत जागेवर. कुजताहेत."

"माणसं मेल्यावर काढणार का?"

"माणसं मेल्यावरच खप वाढतो, ताई. धंद्याचा नियम आहे."

"तुझ्या जिभेला काही हाड?" असं म्हणून ती डब्याचं झाकण स्वतःच उघडून द्यायची. शेवटी एकदा साहेब पत्रांना कंटाळले आणि टेपा माझ्या टेबलावर येऊन पडल्या. त्या दिवशी ताईनं डब्यात शिरा घातला होता.

२

माझ्या खोलीला खिडकी नाही. भिंतींवर जाड स्पंज, जमिनीवर गालिचा, आणि दार इतकं जड की बंद केलं की कानात दडे बसतात. नवीन माणसाला इथे गुदमरतं. मला बाहेरच गुदमरतं.

महोत्सवात स्टेजवर प्रत्येक वाद्याला माइक असतो. त्याशिवाय स्टेजच्या दोन्ही कडांना एकेक माइक गर्दीकडे तोंड करून लावतात. त्यावर गर्दीचा आवाज येतो. तो आला की घरी बसून ऐकणाऱ्याला आपण मैदानात उभे आहोत असं वाटतं.

आता आमच्या धंद्यातली आतली गोष्ट सांगतो. तो आवाज आम्ही वापरतच नाही. खरी गर्दी बेसूर ओरडते, शिट्ट्या मारते, हरवलेल्या मित्राला हाका मारते. माझ्याकडे तयार टाळ्या आहेत. कुठल्याशा सभागृहात कुठल्याशा रटाळ भाषणाला लोकांनी वाजवलेल्या, बहुतेक भाषण संपल्याच्या आनंदात. इतक्या वर्षांत मी त्याच टाळ्या प्रत्येक लाइव्ह रेकॉर्डवर चिकटवल्या आहेत. चाहते त्या ऐकून डोळे पुसतात. 'काय ते वातावरण! काय ती माणसं!' गाढवाला गुळाची चव काय, एवढंच मी म्हणतो, आणि तेही मनात.

पहिल्या वर्षाची टेप लावली. गाणं ठीकच होतं. शेवटचा सूर यायला थोडासा अवकाश होता आणि गर्दीच्या माइकवर टाळी वाजली.

एकच. कोरडी, स्वच्छ, दोन तळहातांची. मग शेवटचा सूर आला, आणि मग सगळ्या मैदानाच्या टाळ्या.

प्रत्येक मैफलीत असा एक दीडशहाणा असतोच. गाणं कुठे संपतं हे आपल्याला आधी कळतं हे जगाला दाखवायची त्याला घाई असते. मी त्याचं नाव घाईवाला ठेवलं आणि ती टाळी कापून टाकली. दुसऱ्या गाण्यातही तो होता. तिसऱ्यातही. प्रत्येक वेळी शेवटाच्या जरासा आधी, प्रत्येक वेळी एकच टाळी.

तेवढंच मला खटकलं. माणसं टाळ्या वाजवतात. टाळी कोणी वाजवत नाही. एक वाजली की दुसरी हातातून आपोआप येते. याची येत नव्हती.

३

पुढच्या वर्षीच्या टेपेतही घाईवाला हजर होता. त्याच्या पुढच्याही. मला आश्चर्य वाटलं नाही. असली माणसं चिवट असतात, घरी कोणी विचारत नाही म्हणून दरवर्षी मैदानात येतात.

मग ती टेप आली ज्यात स्टेजवरची वीज गेली होती. ही हकिकत चाहत्यांना तोंडपाठ आहे, ताईनं मलाच ती किती वेळा ऐकवली असेल. गाणं ऐन भरात, दुसरं कडवं चालू, आणि जनरेटर बंद पडला. गिटार गेली, आवाज गेला, एकटे ड्रम तेवढे वाजत राहिले.

मी ऐकत होतो. दुसरं कडवं सुरू झालं. मध्येच, अगदी ओळीच्या मध्ये, टाळी वाजली. मग वीज गेली.

मी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. टाळी, मग वीज.

गाण्याचा शेवट पाठ असू शकतो. जनरेटरचा शेवट कुणाला पाठ असतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, अशी मी स्वतःची समजूत घातली. गर्दीत कोणी डास मारला असेल. मी उठलो, दार उघडून कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो, पाणी प्यायलो. बाहेर शिपाई कागदाचे गठ्ठे ढकलगाडीवरून नेत होता. सगळं नेहमीसारखं होतं.

पण एकदा कान लागला की सुटत नाही. एका वर्षी गायकाला ओळीच्या मध्ये ठसका लागून गाणं तिथेच थांबलं होतं. ठसक्याच्या आधी टाळी. एका वर्षी गिटारची तार तुटली. तार तुटण्याच्या आधी टाळी. शेवटच्या वर्षाच्या टेपेत, शेवटच्या गाण्यानंतर, गिटारवाला माइकवर येऊन म्हणतो, "पुढच्या वर्षी भेटू." त्यातल्या 'भेटू'च्या आधी टाळी आहे. त्यानंतर चौकडी कधी एकत्र आली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त माझ्यासारख्यालाच कळली असती. आवाज किती लांबून येतोय हे ओळखणं माझं काम आहे. पहिल्या वर्षी ती टाळी मैदानाच्या पार मागच्या टोकाहून, उजवीकडून आलेली होती. दरवर्षी ती पुढे आणि डावीकडे सरकत गेली. शेवटच्या वर्षी ती डाव्या माइकच्या इतकी जवळ होती की टाळीच्या आधी घेतलेला श्वास मला ऐकू आला.

४

त्या टेपा मूळ रेकॉर्ड केल्या होत्या आमच्या मास्तरांनी. मी धंदा त्यांच्याकडे शिकलो. चाहत्यांबद्दल तोंड वाकडं करायलाही त्यांच्याकडेच शिकलो. निवृत्त होऊन ते तळमजल्यावरच्या घरात राहत होते. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. पुढच्या खोलीत जुनं टेप मशीन चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं आणि मास्तर त्याच्या शेजारी खुर्चीत पाय पसरून बसले होते. काकू स्वयंपाकघरात होत्या.

मी माइक, वायरी, टेपेचा दर्जा वगैरे इकडचं तिकडचं बोलत होतो. मास्तर म्हणाले, "टाळी ऐकलीस ना?"

मी खुर्ची पुढे ओढली.

"मला वाटलं माइक खराब आहे," ते म्हणाले. "बदलला. मग वाटलं वायर. तीही बदलली. मग एका वर्षी मशीन दुसऱ्याच्या हवाली करून स्टेजच्या कडेला जाऊन बसलो. दिसला."

"कोण होता?"

"कोण ते सांगता यायचं नाही. लांब होता. पण एक सांगतो. सगळं मैदान स्टेजकडे बघत होतं, आणि हा एकटा पाठ फिरवून लोकांकडे बघत होता. एकेकाकडे. बाजारात भाजी निवडतात तसा."

"मास्तर, असतात अशी टाळकी. पोलीस असेल साध्या कपड्यातला."

"असेल," मास्तर म्हणाले. "मी पुढच्या वर्षीपासून मान वर केली नाही. तूही करू नकोस. आपलं काम खाली मान घालून करायचं." मग ते हसले, गुडघे चोळले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या काकूला सांग, माझ्या चहात साखर नको. परवा तिनं विसरून घातली, आणि डॉक्टरनं मला असं झापलं की—"

आतल्या खोलीत टाळी वाजली.

मी त्या दाराकडे बघितलं. पलंग दिसत होता, त्यावर इस्त्रीचे कपडे, मागे बंद खिडकी. माणूस नव्हता.

"आत कोण आहे, मास्तर?"

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांचा हात गुडघ्यावरच होता, चेहरा माझ्याकडे होता, आणि वाक्य अर्धंच राहिलं होतं. काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. "अहो, तुमचा बिनसाखरेचा," म्हणाल्या, आणि मग त्यांच्या हातातून ट्रे पडला.

हृदय, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

५

काही दिवसांनी ताई डबा घेऊन आली. मी घास घेता घेता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या टोळक्यात एक घाईवाला होता का गं? गाणं संपायच्या आधीच टाळी वाजवणारा?"

ताई खळखळून हसली. "अगबाई, तो! तुझ्या टेपेत आलाय? मग तर अजिबात कापू नकोस हं. आम्ही सगळे ओळखतो त्याला."

"ओळखता?"

"म्हणजे नाव-गाव नाही. पण असायचा. आमची जागा ठरलेली. कठड्याला लागून, डावीकडे, माइकच्या खाली. तो सुरुवातीला कुठेतरी लांब, मागे असायचा. मग दरवर्षी पुढे घुसायचा. शेवटच्या वर्षी तर अगदी माझ्या पाठीशी. कानाशी अशी टाळी वाजवली म्हणतोस! मी म्हटलं, अहो, गाणं तर संपू द्या."

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"दिसायला कसा होता?"

"मला काय माहीत? चौकडी समोर असताना मागे वळून कोण बघतं?" ती माझ्याकडे बघायला लागली. "तू जेवत का नाहीयेस? मीठ जास्त झालंय का?"

"तुमच्या त्या चोरून केलेल्या टेपांत ऐकू येतो तो?"

"छे. त्यात धड गाणं ऐकू येत नाही. म्हणून तर म्हणते, अधिकृत पाहिजे. जसं झालं तसं. आम्ही जसं ऐकलं तसं."

ती गेल्यावर मी अर्धवट खाल्लेला डबा झाकून ठेवला. शेवटच्या वर्षी तो तिच्या पाठीशी पोचला, आणि नेमक्या त्याच वर्षी चौकडी फुटली. पुढचा महोत्सव झालाच नाही, म्हणजे त्याचं तिच्यापाशीचं काम अर्धंच राहिलं. मी शिकलेला माणूस आहे. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. तरी मी उठून मशीन सुरू केलं.

गर्दीचे माइक पूर्ण बंद केले तरी ती टाळी गायकाच्या माइकवर वाजायची, म्हणून मी टेपांच्या प्रतींवरची प्रत्येक टाळी कापायला घेतली. सकाळी कापलेली टाळी दुपारी ऐकली तर थोडी अलीकडे सरकून पुन्हा वाजायची. पुन्हा कापली. आणखी अलीकडे. दोष मशीनचा असेल असं म्हणून मशीन बदललं. मास्तरांनीही हेच केलं होतं, हे मला नंतर आठवलं.

शेवटी मी एकच मार्ग धरला. गाणं संपूच द्यायचं नाही. टाळीची जागा यायच्या बऱ्याच आधीपासून आवाज हळूहळू खाली नेत शून्यावर आणायचा. जे संपतच नाही, त्याच्या शेवटाआधी कोण कशी टाळी वाजवणार? सगळी गाणी मी तशी विझवली. खालून तयार टाळ्यासुद्धा चिकटवल्या नाहीत.

६

अधिकृत आवृत्ती बाजारात आली आणि चाहत्यांनी आमच्या दारात अक्षरशः गोंधळ घातला. ज्यांना सा आणि रे वेगळे ओळखता येत नाहीत, ती माणसं मला ध्वनिशास्त्र शिकवायला लागली. कुणी म्हणालं मला बहिरेपण आलंय. कुणी म्हणालं मी गिटारवाल्याला फितूर झालोय. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "काय केलंत हे?" मी म्हणालो, "कलात्मक निर्णय." ते माझ्याकडे बघत राहिले. कलात्मक हा शब्द मी त्या ऑफिसात पहिल्यांदाच वापरला होता.

ताई आली ती डब्याशिवाय.

"एकाही गाण्याला शेवट नाही," ती दारातूनच म्हणाली. "एकाही! एवढी वर्षं आम्ही याच्यासाठी थांबलो? ताटावर बसवायचं आणि घास तोंडाशी आला की ताट ओढून घ्यायचं, हे कुठे शिकलास तू? मी तर नाही शिकवलं."

"ताई, बस तरी."

"मला बसायचं नाही. मला कारण सांग."

कारण काय सांगणार होतो? तुझ्या पाठीशी कोणीतरी उभं होतं, आणि मला भीती वाटते? हे वाक्य जिभेवर आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी गावभर ज्यांना भोळसट म्हणत फिरतो, त्यांच्या रांगेत मीच जाऊन बसायचं? म्हणून मी मला जमतं ते बोललो.

"तुम्हा लोकांना शेवट काय आणि सुरुवात काय. चार माणसं तारा खाजवतात आणि तुम्ही माना डोलवता. त्यातलं काय राहिलं आणि काय गेलं, यानं कुणाचं काय बिघडतं?"

ताईचा चेहरा उतरला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुझे भाऊजी गेल्यावर मी ज्या गर्दीत उभी राहून सावरले ना," ती म्हणाली, "ती ही माणसं होती. तुला वाटतं मी गाणं ऐकायला जायचे. जा, मला तुझ्याशी बोलायचं नाही."

आणि खरंच बोलली नाही. फोन उचलला नाही. डबा बंद झाला. इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या फळ्यावर मात्र ती माझ्याबद्दल रोज लिहायची. कानसेन नव्हे, कानफाट्या. एकदा नाव पडलं ते पडलंच, सगळी फौज मला त्याच नावानं झोडपू लागली. मी रोज सकाळी ऑफिसात आलो की आधी तो फळा उघडायचो आणि तिची ताजी शिवी शोधायचो. सापडली की मला हायसं वाटायचं. जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तोंड शाबूत आहे. एवढ्यावर मी दिवस काढत होतो. तिच्या हातचं जेवण नाही मिळालं तरी चालेल, ती हवी.

७

साहेब हा प्राणी कधीही काहीही विचारून करत नाही. एका दुपारी जिन्यात भेटले आणि खुशीत म्हणाले, "तुमचं प्रकरण मी मिटवलं बरं का. चाहत्यांना बोलावलंय. मूळ टेपा, न कापता, न साफ करता, जशाच्या तशा मोठ्या सभागृहात ऐकवतोय. खूश आहेत. तुमच्या बहिणीनं तर माझे आभार मानले."

"कधी?"

"कधी काय, चालूच आहे की. संपत आलं असेल."

मी जिना चढायला लागलो. सभागृह वरच्या मजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. माझ्या वयाच्या माणसानं धावू नये. मी धावलो. लांब कॉरिडॉरमध्ये असतानाच एक गाणं संपलं आणि आतून टाळ्यांचा कडकडाट झाला, इतका की दाराच्या काचा थरथरल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला गोड लागला. मी दाराशी पोचेपर्यंत पुढचं गाणं सुरू झालं होतं.

दाराशी आमचा म्हातारा द्वारपाल स्टूल टाकून बसला होता.

"उघडा," मी म्हणालो.

"गाणं चालू असताना नाही. आतून कडी आहे."

"उघडा म्हणतो ना!"

"अहो साहेब, तुमच्या ताईंनीच बजावलंय. मध्ये कुणी घुसलं तर माझी खैर नाही म्हणाल्या. एवढंच राहिलंय, शेवटचं. दम धरा जरा."

मी दारावर मुठी मारल्या. दार जाड, आतल्या बाजूनं गादी ठोकलेली. माझ्या मुठींचा आवाज मलाच नीट आला नाही. द्वारपालानं मला दंडाला धरून मागे ओढलं. "लहान मूल आहात काय?" म्हणाला.

दाराला चेहऱ्याच्या उंचीवर छोटी काच आहे. मी तिला कपाळ टेकवलं.

आत दिवे मंद होते. खुर्च्यांच्या रांगा, रांगांत माणसांची डोकी, टकलं, पांढरे अंबाडे, काळे टी-शर्ट. सगळे समोरच्या मोठ्या स्पीकरकडे बघत होते. रिकाम्या स्टेजवरच्या दोन खोक्यांकडे माणसं इतक्या मायेनं बघू शकतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या रांगेत, अगदी डावीकडे, मला ताईची पाठ दिसली. ती ताठ बसली होती. शेजारच्या बाईचा हात तिच्या हातात होता.

तिच्या मागे कोणीतरी उभं होतं.

चेहरा दिसला असं मला म्हणता येणार नाही. काचेत माझंच तोंड आडवं येत होतं, आणि मी मान कशीही वळवली तरी ते नेमकं तिथेच यायचं. एवढं मात्र दिसलं की त्याची पाठ स्पीकरकडे होती. तो लोकांकडे बघत होता. पण एकेकाकडे नाही. निवडायचं काम झाल्यासारखं त्यानं पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकदाच, सावकाश, नजर फिरवली. मग दोन्ही हात छातीशी आणले.

गाणं शेवटच्या ओळीवर आलं होतं. जाड दारातून ड्रमचे ठोके नुसते पायाला कळत होते, गायकाचा आवाज कुठेतरी लांब. मी ओरडलो. "ताई!" म्हणून ओरडलो, तिनं मला ज्या नावानं लहानपणी हाका मारल्या ते माझंच नाव घेऊन ओरडलो. काचेवर वाफ धरली. मी ती बाहीनं पुसली.

टाळी वाजली. ती दारातून आली नाही. मध्ये दार नसल्यासारखी, माझ्या शेजारी वाजावी तशी आली. द्वारपालानंसुद्धा मान वळवून कॉरिडॉरकडे बघितलं.

मग शेवटचा सूर आला, लांबला, आणि संपला.

आतला आवाज थांबला. मी काचेतून बघत नव्हतो. मी दोन्ही डोळे मिटून घेतले होते आणि कान दाराला लावला होता. आता शिट्ट्या यायला हव्या होत्या, खुर्च्या सरकायला हव्या होत्या, कुणीतरी बेसूर ओरडायला हवं होतं. मी वाट बघत होतो. असल्या ठिकाणी लोक थोडा वेळ भारावून गप्प बसतात, हेही मला माहीत आहे. मी तेवढा वेळ दिला. त्याच्या दुप्पट दिला.

द्वारपाल स्टुलावरून उठला. "संपलं वाटतं," तो म्हणाला. "थांबा, माझ्याकडे बाहेरून कडी सरकवायची पट्टी आहे. उघडतो."

मी त्याचा हात घट्ट धरला.

"नको," मी म्हणालो. "आधी टाळ्या वाजू द्या."